बॉयलरचा दाब आणि माणसाचा दाब



या व्याख्यानमालेत विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आम्ही समोरच्या सतरंजीवर बसून ऐकावे, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. यंदा चालकांनी तो मोडला आणि आम्हांस वर बसविले. आम्ही डॉक्टर नव्हे, पदवीधरही नव्हे. आमचे शिक्षण तेलाच्या गिरणीतील बॉयलरपाशी, पुढे युनियनच्या कचेरीत आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा रक्तदाब आणि मेंदू हा विषय आम्ही का घेतला, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे.

आम्ही विशीत असताना बॉयलरवर मदतनीस म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी वस्तादांनी आम्हांस भिंतीवरचे प्रेशर-गेज दाखविले. त्यावर एक तांबडी रेघ होती. ते म्हणाले, "काटा या रेघेच्या पुढं गेला, तर आधी वाफ सोडायची आणि मग मला हाक मारायची. विचारत बसायचं नाही." त्या गेजवर आमचा जीव अवलंबून होता आणि ते आम्हांस ठाऊक होते. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा बंगालात १८६४ साली बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ साली सबंध देशासाठी कायदा झाला. निरीक्षक यावयाचा, बॉयलर थंड करून आतून-बाहेरून पहावयाचा, पाण्याच्या दाबाने त्याची परीक्षा घ्यावयाचा आणि मगच पुढील मुदतीचे प्रमाणपत्र द्यावयाचा. २०२५ साली त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण तपासणीचा दंडक कायम आहे.

याप्रमाणे लोखंडी भांड्यातील दाब मोजण्याची सक्ती या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातील दाब मोजला पाहिजे, हे मात्र आमच्या ध्यानी फार उशिरा आले. हा उशीर जगाच्या इतिहासात कसा घडला आणि आमच्या स्वतःच्या हातून कसा घडला, हे आज सांगावयाचे आहे.

घोडीच्या धमनीतील नळी

रक्ताला दाब असतो, हे मोजून दाखविणारा पहिला मनुष्य वैद्य नव्हता, धर्मोपदेशक होता. इंग्लंडातील टेडिंग्टन गावच्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने एक घोडी आडवी बांधली, तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि त्या नळीस उंच काचनळी जोडली. रक्त त्या काचेत चढू लागले आणि आठ फूट तीन इंचांपर्यंत चढले. आपल्या या प्रयोगांचे पुस्तक हेल्सने १७३३ साली प्रसिद्ध केले.

जालनेकरांना हे समजावून सांगण्यास कष्ट पडू नयेत. घाणेवाडीच्या तलावाचे पाणी उंचावरून शहराकडे येते ते उंचीच्या जोरावरच. उंची म्हणजेच दाब. पाऱ्याच्या मोजणीत १२० हा जो आकडा डॉक्टर सांगतात, त्याचा अर्थ १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे तोच दाब पाण्यास सुमारे पाच फूट चार इंच उंच चढवील. दाब १८० झाला तर पाणी आठ फुटांवर जाईल. म्हणजे ज्याचा दाब १८० आहे, त्या माणसाचे हृदय प्रत्येक ठोक्यास घराच्या दाराच्या चौकटीवरून पाणी फेकण्याइतका जोर लावीत असते. दिवसाकाठी असे लाखभर ठोके पडतात. हा सारा जोर अखेर ज्या नळ्यांवर बसतो, त्यांतील कित्येक केसाहूनही बारीक असतात.

घोडीवरचा प्रयोग माणसावर करता येईना. म्हणून पुढची दीडशे वर्षे दाब मोजण्याचे काम प्रयोगशाळेतच राहिले. १८९६ साली इटलीतील तुरीन शहरी रिव्हा-रोची या डॉक्टरने दंडाभोवती गुंडाळावयाचा हवेचा पट्टा काढला. तो त्याने सायकलच्या आतल्या ट्यूबपासून केला होता, ही गोष्ट आम्हां कामगारांस विशेष आवडते. त्याने वरचा आकडा मिळाला. खालचा आकडा मिळाला तो १९०५ साली, सेंट पीटर्सबर्ग येथे. रशिया-जपान युद्धात जखमी सैनिकांच्या धमन्यांवर शस्त्रक्रिया केलेल्या कोरोट्कॉव्ह नावाच्या तरुण शल्यवैद्याने पट्ट्याखाली नळी लावून कान दिला आणि आवाज कोठे उमटतो व कोठे लोपतो हे टिपले. त्याचे टिपण जेमतेम पानभर होते. दवाखान्यात आजही दंडास पट्टा बांधून कानाने दाब मोजतात, ती पद्धत त्याचीच.

विमा कंपनीस आधी कळले

आता असे वाटेल की, मोजता येऊ लागल्यावर डॉक्टरांनी लगेच उपाय सुरू केला असेल. तसे झाले नाही. उंच दाबाचे मोल प्रथम ओळखले ते अमेरिकेतील विमा कंपन्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी अर्जदारांचा दाब मोजण्यास प्रारंभ केला, आणि वरच्या दाबाची माणसे लवकर दगावतात हे त्यांच्या खतावण्यांतून दिसू लागले. माणसाच्या मरणात ज्याचा पैसा गुंतलेला, त्यास हिशेब आधी कळतो. आम्ही हे कडवटपणे म्हणत नाही. हिशेब ठेवणे ही विद्या आहे, आणि ती युनियननेही शिकावी, एवढेच आमचे म्हणणे.

डॉक्टरी जग मात्र निराळ्या समजुतीत होते. वयाबरोबर धमन्या कडक होतात, अशा धमन्यांतून मेंदूस रक्त पोहोचविण्यासाठी दाब वाढावाच लागतो, सबब तो उतरवू नये, असे मोठमोठे हृदयतज्ज्ञ १९३० च्या सुमारासही मानीत. इंग्रजीत या विकारास जे नाव पडले त्यातच 'आवश्यक' असा अर्थ दडलेला आहे. दाब उतरविला तर मेंदू उपाशी राहील, ही त्यांची भीती होती. खरी गोष्ट नेमकी उलटी निघाली, पण ती कळण्यास आणखी कित्येक वर्षे जावयाची होती.

याल्टाचे मेज

त्या अज्ञानाची किंमत जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसांनीही दिली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे खासगी डॉक्टर कान, नाक, घशाचे तज्ज्ञ होते, आणि अध्यक्षांची प्रकृती उत्तम आहे असे ते देशास सांगत. मार्च १९४४ मध्ये ब्रुएन नावाच्या तरुण नौदल-डॉक्टरने तपासले तेव्हा दाब १८६/१०८ निघाला आणि हृदय थकलेले आढळले. विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि हृदयास बळ देणारे जुने औषध, याखेरीज देण्यासारखे त्या काळी काही नव्हते. तशाच स्थितीत त्यांनी चौथ्यांदा निवडणूक जिंकली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये ते याल्टास जगाची वाटणी ठरविण्यास बसले. दोन महिन्यांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, डोके भयंकर दुखते असे म्हणत ते कोसळले. त्या वेळी दाब ३०० च्या वर गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन वयाच्या ६३ व्या वर्षी ते वारले.

त्याच मेजावर बसलेले स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावानेच गेले. तिसरे चर्चिल, त्यांना पंतप्रधानपदी असताना जून १९५३ मध्ये पक्षघाताचा झटका आला आणि तो लोकांपासून लपविण्यात आला. याल्टाचे निर्णय कोणाच्या दुखण्यामुळे बदलले किंवा कसे, हा इतिहासकारांचा वाद आहे. आम्ही त्यात पडत नाही. आम्ही फक्त एवढेच दाखवितो की, ज्यांच्या दारात डॉक्टर हात जोडून उभे होते, त्यांचेही या विकारापुढे चालले नाही.

सेवाग्रामचा रोगी

आता आपल्या मुलखात येऊ. गेटवर आम्ही या विषयावर बोलू लागलो की कोणीतरी हमखास विचारतो, "भाऊ, गांधीजींनाही बीपी होतं म्हणतात. त्यांचं कुठं डोकं गेलं?" प्रश्न चांगला आहे आणि त्यास उत्तर दिले पाहिजे.

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास गेले. त्यापूर्वीच्या हिवाळ्यात रक्तदाब वाढून त्यांची प्रकृती ढासळली होती. १९३७ च्या अखेरीस पुन्हा तोच प्रसंग आला आणि त्यांना मुंबईस जुहूच्या किनारी सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्यांच्या प्रकृतीची जुनी टिपणे २०१९ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रसिद्ध केली. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ रोजीचा दाब १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजीचा २२०/११० असा नोंदलेला आहे.

हे आकडे पाहून कोणासही धडकी भरेल. परंतु या रोग्याचा दाब पुन्हा पुन्हा मोजला जात होता, हे ध्यानात घ्या. डॉक्टर जवळ होते आणि त्यांनी काम थांबवा म्हटले की काम थांबत असे. रोज काही मैल चालणे होते, तंबाखू नव्हती, दारू नव्हती. आफ्रिकेत असताना कस्तुरबांच्या दुखण्यात त्यांनी स्वतः मीठ आणि डाळ सोडली होती, ही हकिकत त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. तेव्हा गांधीजींचे उदाहरण द्यावयाचे तर सबंध द्यावे. नुसता आकडा उचलू नये. शिवाय एका माणसाच्या नशिबावरून नियम निघत नाही. वीज अंगावर पडूनही एखादा वाचतो, म्हणून कोणी पावसात झाडाखाली उभे राहत नाही.

मुंबईचा डॉक्टर आणि सापाच्या नावाची मुळी

या रोगावरचे पहिले कामाचे औषध जगास कळले त्यात आपल्या देशाचा, आणि त्यातही मुंबईचा, वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्रातही ही गोष्ट थोड्यांनाच माहीत आहे.

सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी वनस्पती. वैद्य आणि हकीम तिची मुळी झोप न येणाऱ्यास, भ्रमिष्टास देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर एक लेख लिहिला, त्यात वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरील नवे भारतीय औषध असे तिचे वर्णन केले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्यांस नावे दिली. डोके आणि धमनी यांचा काही संबंध आहे, हे आपल्या वैद्यांच्या अनुभवास आले होते असे म्हणावयास जागा आहे. मात्र त्याची कारणमीमांसा त्यांना करता आली नव्हती.

मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे वैद्य होते. ते ही मुळी रोग्यांना वर्षानुवर्षे देत, दाब मोजीत आणि टिपून ठेवीत. १९४९ साली त्यांनी आपला अनुभव ब्रिटनमधील हृदयविकाराच्या प्रतिष्ठित नियतकालिकात आकडेवारीसह छापला. तो वाचून अमेरिकेत बोस्टनच्या विल्किन्स यांनी १९५० मध्ये मुळी मागवून प्रयोग सुरू केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य वेगळे केले, तेच रेसर्पीन. दोन-तीन वर्षांत ते जगभर पोहोचले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

औषध निर्दोष नव्हते. त्याने काही रोग्यांचे मन उदास होई आणि मात्रा जपून द्यावी लागे. पुढे लघवी वाढविणाऱ्या व धमन्या सैल करणाऱ्या अधिक चांगल्या गोळ्या आल्या, आणि सर्पगंधा मागे पडली. पण दाब औषधाने उतरविता येतो, ही खात्री जगास प्रथम या मुळीने दिली. डॉ. वकिलांची थोरवी आम्हांस मुळीपेक्षा त्यांच्या वहीत दिसते. मुळी शेकडो वर्षे वापरात होती. दर खेपेस दाब मोजून लिहून ठेवणारा मनुष्य विरळा होता.

दाब उतरविल्याने माणूस वाचतो काय, याचा निकाल १९६७ साली लागला. अमेरिकेत डॉ. फ्राइस यांनी माजी सैनिकांपैकी खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांस खऱ्या गोळ्या, निम्म्यांस पोकळ गोळ्या दिल्या. पोकळ गोळ्यांच्या गटात गंभीर आघात झाले २७, खऱ्या गोळ्यांच्या गटात केवळ २. प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण तसाच चालू ठेवणे पाप झाले असते. दाब उतरविला तर मेंदू उपाशी राहील ही भीती त्या दिवशी संपली.

पक्षघातापूर्वीची कहाणी

येथवरची गोष्ट पक्षघाताची आणि मृत्यूची झाली. त्याआधी वर्षानुवर्षे मेंदूत जे गुपचूप घडते, ते अलीकडेच नीट उमगले आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके, पण प्राणवायू तो एकपंचमांश खातो. त्याच्या पोटातील भागास रक्त पुरविणाऱ्या नळ्या फार बारीक असतात आणि मोठ्या धमनीतून त्या एकदम काटकोनात फुटतात. जायकवाडीहून येणाऱ्या मोठ्या पाइपलाइनला मधे टाकी न बांधता थेट घरगुती तोटी जोडली तर काय होईल, याची कल्पना करा. मोठ्या नळाचा सगळा जोर तोटीवर येईल. शरीरात हेच घडते. सततच्या दाबाने या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात, आतला मार्ग अरुंद होतो, आणि एके दिवशी एखादी नळी मुकाट्याने बंद पडते. तिच्यावर पोसणारा तांदळाच्या दाण्याएवढा, हरभऱ्याएवढा भाग मरतो. १९०१ साली पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरने अशा मृत जागांचे वर्णन केले. त्यापूर्वी १८९४ साली बिन्सवांगर या डॉक्टरने मेंदूच्या आतील पांढऱ्या भागाची झीज होऊन माणूस विसराळू व मंद होतो, असे वर्णन केले होते. हा पांढरा भाग म्हणजे मेंदूच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्याकडे जाणाऱ्या तारा होत. तारा झिजल्या की निरोप उशिरा पोहोचतात. माणूस बोलतो, चालतो, ओळखतो; पण दोन कामे एकदम करावयाची, क्रम लावावयाचा, राग आवरावयाचा म्हटले की अडखळतो.

आता कालाचा प्रश्न. १९६५ पासून हवाई बेटांतील जपानी वंशाच्या पुरुषांचा दाब मोजून ठेवलेला होता. पंचवीस वर्षांनी त्यांतील ३,७३५ जणांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. १९९५ साली निष्कर्ष छापला गेला: मध्यम वयात वरचा दाब जितका अधिक, तितकी म्हातारपणी बुद्धी मंदावण्याची शक्यता अधिक. लंडनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१८ साली आला. तो आणखी बोलका आहे. वयाच्या पन्नाशीस ज्यांचा वरचा दाब १३० किंवा अधिक, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त आढळला. पण साठीस आणि सत्तरीस मोजलेल्या दाबाशी असा संबंध दिसला नाही. याचे एक कारण असे सांगतात की, नळ्यांची झीज व्हावयास वर्षे लागतात. आणि मेंदूचा आजार जडला की दाब पुष्कळदा आपोआप उतरू लागतो. म्हणजे म्हातारपणी मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही. चाळिशी ते साठी हाच हिशेबाचा काळ. कामगाराच्या आयुष्यात हाच काळ पाळीचा, कर्जाचा, मुलीच्या लग्नाचा आणि मुलाच्या फीचा असतो.

दाब उतरविल्याने बुद्धीही वाचते काय? २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्याने स्मृतीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. पूर्ण स्मृतिभ्रंशाबद्दल मात्र पक्का निकाल लागला नाही. तो २०२५ साली चीनमधून आला. तेथील ३२६ खेड्यांत सुमारे ३४,००० लोकांवर चार वर्षे प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावच्या साध्या आरोग्यसेवकाने दाब मोजावयाचा, ठरलेल्या गोळ्या द्यावयाच्या आणि पाठपुरावा करावयाचा, अशी योजना होती. त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. मोठे रुग्णालय नाही, महागडे यंत्र नाही. दंडाचा पट्टा, स्वस्त गोळी आणि न चुकता येणारा माणूस, एवढ्यावर हे झाले.

आमची चूक

आता आमच्या औद्योगिक वसाहतीची गोष्ट सांगतो. जालन्यास 'सोन्याचा पाळणा' म्हणत. आज आमचा पाळणा लोखंडाचा आणि बियाण्यांचा आहे. भंगार वितळवावयाचे, त्याच्या सळया ओढावयाच्या, आणि त्या सळयांवर दूरदूरच्या शहरांतील इमारती उभ्या राहावयाच्या. भट्टीखात्यात उष्णता, आवाज, रात्रपाळी हे तिन्ही एकत्र असतात, आणि सततचा आवाज व उलटसुलट पाळ्या यांनी दाब वाढतो हे आता मान्य झाले आहे.

येथील एका कारखान्यात एक क्रेनचालक होता. आम्ही सारे त्यास मामा म्हणत असू. वीस वर्षे वितळलेल्या लोखंडाची लॅडल त्याने उचलली, पण कधी थेंब सांडला नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो चुका करू लागला. खालच्या माणसाने हाताने खूण केली की क्षणभर थांबावयाचा. नोंदवहीत आकडे उलटे लिहावयाचा. पूर्वी अबोल माणूस, तो कँटीनमध्ये चहाच्या कपावरून भांडू लागला. व्यवस्थापनाने हलगर्जीपणाची नोटीस दिली. मामा ती घेऊन आमच्याकडे आला.

आम्ही ती नोटीस बारकाईने वाचली. तारीख चुकली होती, आरोप मोघम होते, चौकशी नियमाप्रमाणे झाली नव्हती. आम्ही जोरदार उत्तर लिहिले, गेट मीटिंग घेतली, आणि जिंकलो. मामा पुन्हा क्रेनवर चढला. आम्ही पेढे वाटले. अकरा महिन्यांनी पहिल्या पाळीत त्याचा उजवा हात गळून पडला. सुदैवाने लॅडल रिकामी होती.

रुग्णालयात दाब निघाला २१०/१२०. मेंदूचे चित्र काढले तेव्हा डॉक्टरांनी नव्या जखमेच्या भोवती बोट फिरवून जुन्या, दाण्याएवढ्या कितीतरी जागा दाखविल्या. त्या एका दिवसाच्या नव्हत्या. डॉक्टरांनी विचारले, "यांचा रक्तदाब याआधी कधी मोजला होता का?" मामी आमच्याकडे पाहू लागल्या. आमच्यापाशी त्याच्या वीस वर्षांच्या पगारपत्रकांची फाइल होती, नोटिशीची प्रत होती, सही-शिक्क्याची पोच होती. तो एक आकडा नव्हता.

व्यवस्थापनाने मामाची चूक पाहिली आणि आम्ही व्यवस्थापनाची चूक पाहिली. माणसाकडे दोघांनीही पाहिले नाही. प्रत्येक विसराळू कामगाराच्या मेंदूत हीच जखम असते असे आम्ही म्हणत नाही. पण वीस वर्षे न चुकणारा माणूस चुकू लागला, तर त्याचे कारण शोधण्याची सुरुवात दंडावरच्या पट्ट्याने करावयास काय हरकत होती? आम्ही स्वतः त्याच आठवड्यात प्रथम दाब मोजविला. तो १६४/१०० निघाला. आम्हांस काहीच होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. या रोगाची खोड हीच. बॉयलरचे गेज निदान भिंतीवर दिसते. हे गेज कोणी लावल्याशिवाय दिसत नाही. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही गोळी घेतो, आणि ते सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. 'एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही' म्हणून जे ती टाळतात, त्यांना आम्ही विचारतो, भाकरी सुटते काय?

काय करावयाचे

मिठाचा प्रश्न आमच्याकडे अवघड आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या कोळसा-खाणीत घामाने मजुरांच्या पोटऱ्यांत गोळे येत, तेव्हा पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालण्याचा उपाय निघाला, आणि पुढे भट्टीवाल्यांना मीठ देण्याची पद्धत पडली. म्हणून भट्टीवरील माणसास 'मीठ सोडा' असे सरसकट सांगणे बरोबर नव्हे. त्याने डॉक्टरांस आपले काम सांगून सल्ला घ्यावा. पण भट्टीपासून दूर बसणारे आपण बहुतेक जण काय करतो? जागतिक आरोग्य संघटना दिवसास पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. आपल्या ताटात लोणचे, पापड, ठेचा, फरसाण मिळून त्याच्या दुपटीच्या घरात जाते. १९३० साली मिठावरचा कर मोडण्यासाठी या देशाने लाठ्या खाल्ल्या. आता त्याच मिठावर घरच्या गृहिणीने आणि कँटीनच्या आचाऱ्याने थोडा कर बसवावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी होईल असे जाहीर केले. या संहितांतील अनेक कलमांशी आमचे भांडण आहे आणि ते चालू राहील. पण हे एक कलम आमच्या उपयोगाचे आहे, आणि ते कागदावर राहू देणे हा आमचाच गुन्हा ठरेल. अडचण कंत्राटी कामगाराची आहे. आज एका ठेकेदाराच्या हजेरीवर, उद्या दुसऱ्याच्या. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा चाळिशीचा होईपर्यंत किती गेटे बदलतो, त्याचा हिशेब नाही. त्याची तपासणी कोणाच्या वहीत लिहावयाची? बियाणे निवडणाऱ्या आमच्या भगिनींचेही तेच. म्हणून आमची सूचना अशी की, दाबाची वही कामगाराच्या स्वतःच्या खिशात असावी, आणि कोणत्याही गेटवर ती चालावी. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या रक्तदाब-नियंत्रणाच्या मोहिमेत आपल्या राज्यातील सिंधुदुर्ग, भंडारा यांसारखे जिल्हे आरंभापासून होते. तेथे सरकारी दवाखान्यांतून ठरलेल्या मोजक्या गोळ्या आणि प्रत्येक रोग्याची नोंद, हेच सूत्र होते. जे तेथे चालले ते जालन्यात का चालू नये?

आमच्या युनियनच्या कचेरीत आता एक यंत्र आणि एक वही ठेवलेली आहे. कामगार आला की आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावयाचे, पाठ टेकवावयाची, बोलावयाचे नाही, बिडी-चहा नाही. मग दोनदा मोजावयाचे. पाळी सुटल्याबरोबर घामाघूम स्थितीत मोजलेला आकडा धरावयाचा नाही. आकडा १४०/९० किंवा त्यावर निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग डॉक्टरकडे. औषध आम्ही देत नाही. तो आमचा अधिकार नव्हे. शिस्तभंगाची नोटीस घेऊन चाळिशीपुढचा कोणी आला तर नोटीस वाचण्यापूर्वी त्याचा दाब मोजावयाचा, हा आम्ही नियम केला आहे. काही सहकारी हसतात. हसू द्या.

मामा आता घरी असतो. काठी घेऊन दारापर्यंत येतो. आम्ही गेलो की आनंदतो, पण आमचे नाव त्यास चटकन आठवत नाही. मामी सांगतात तेव्हा मान डोलावतो. मागच्या खेपेस आम्ही यंत्र बरोबर नेले होते. मामाचा दाब मोजला, १३२/८४ निघाला, वहीत लिहिला. मग मामींना म्हटले, "वहिनी, आता तुमचा हात." त्या म्हणाल्या, "मला काय झालंय भाऊ? मी तर ठणठणीत आहे." आकडा निघाला १५८/९६.

श्रोतेहो, बाहेरच्या मंडपात आमची दोन मुले यंत्रे घेऊन बसली आहेत. जाताना पाच मिनिटे त्या खुर्चीवर बसा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.